गालातला खडा

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला आवश्यक तेवढाच भाग देत आहे.

"माझी मुलगी सात वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिची वेणी घालताना उजव्या कानाच्या पुढे, गालावर, मोहरीएवढी गाठ बोटाला लागली. आज ती हरभऱ्याएवढी झाली आहे. दुखत नाही, पण दगडासारखी कठीण लागते आणि वरची कातडी निळसर दिसते. पहिल्या डॉक्टरांनी ग्रंथी सुजली आहे असे सांगून दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. दुसऱ्यांनी टीबीची शंका काढली. छातीचा एक्स-रे आणि मँटू चाचणी करवून घेतली, दोन्हींत काही निघाले नाही. तिसऱ्यांनी सोनोग्राफी केली आणि आता शल्यविशारदांनी कागदावर 'पायलोमॅट्रिकोमा, म्हणजेच कॅल्सिफाइंग एपिथेलिओमा' असे लिहून ऑपरेशन सुचवले आहे. आमच्या यजमानांनी मोबाइलवर त्याचा अर्थ शोधला. 'ट्यूमर' हा शब्द दिसल्यापासून त्यांना झोप नाही. सासूबाई म्हणतात की हे केसतूड आहे, चुना-गुळाचा लेप लावला की बसेल. नणंद म्हणते, गाठीला सुई किंवा चाकू लावू नका, पसरते. मुलीच्या चेहऱ्यावर व्रण राहील ही भीती आहेच. पाचव्या वर्षी तिचे कान टोचले, तेव्हा कानाजवळ सूज आली होती, त्यातून तर हे झाले नसेल ना? आणि मुलगी रोज विचारते की माझ्या गालात हा खडा कुणी ठेवला आणि काढल्यावर तो मला मिळेल का. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

उत्तराची वाट पाहत तुम्ही आणखी काही रात्री जागून काढू नयेत, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगते. तुम्ही केलेले वर्णन आणि सोनोग्राफीनंतर शल्यविशारदांनी लिहिलेले निदान एकमेकांशी नीट जुळते. ही गाठ केसाच्या मुळातून निघालेली आणि निरुपद्रवी असण्याची शक्यता फार मोठी आहे. ती कर्करोग नव्हे, टीबीही नव्हे. ती काढून टाकणे योग्य, पण त्यासाठी उद्याच धावण्याची गरज नाही. शाळेच्या सुट्ट्या, पैशांची जुळवाजुळव, घरातली कार्ये हे सगळे पाहून येत्या काही महिन्यांतला एखादा निवांत आठवडा ठरवावा. काढलेली गाठ मात्र तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. मी मुलीला पाहिलेले नाही आणि गाठीला माझे बोट लागलेले नाही, त्यामुळे जे लिहिते आहे ते पत्रावरून, हे ध्यानात असू द्यावे. तुमच्या शल्यविशारदांनी मात्र मुलीला पाहिले आहे, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

आता तुमच्या यजमानांच्या झोपेविषयी. 'ट्यूमर' या शब्दाचा वैद्यकातला अर्थ फक्त 'पेशींची अवाजवी वाढ होऊन बनलेली गाठ' एवढाच आहे. पाठीवरची चरबीची गाठ हीसुद्धा डॉक्टरांच्या भाषेत ट्यूमरच, आणि ती घेऊन माणसे नव्वदी गाठतात. आपल्याकडे हा शब्द दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्याला 'कॅन्सर' हा अर्थ चिकटतो. त्यात 'एपिथेलिओमा' हे नाव अधिकच घाबरवणारे, कारण कर्करोगाच्या काही जुन्या नावांतही ते येते. ते इथे कसे आले याची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. फ्रान्समध्ये मालर्ब आणि शेनांते या दोघांनी 1880 मध्ये अशा गाठीचे वर्णन केले आणि ती त्वचेतल्या तैलग्रंथींपासून उद्भवते असे समजून तिला 'चुना साठलेला एपिथेलिओमा' अशा अर्थाचे नाव दिले. उगमाबद्दल त्यांचा अंदाज चुकला होता. पुढे 1961 मध्ये फोर्बिस आणि हेल्विग यांनी अशा 228 गाठी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासल्या, त्या केसाच्या मुळातल्या पेशींपासून बनतात हे मांडले आणि 'एपिथेलिओमा' या शब्दाने होणारा गैरसमज टळावा म्हणून 'पायलोमॅट्रिक्सोमा' हे नाव सुचवले. आज 'पायलोमॅट्रिकोमा' हे रूपही तितकेच चालते. तुमच्या शल्यविशारदांनी सवयीने दोन्ही नावे लिहिली, आणि जे नाव मागे पडावे म्हणून साठ वर्षांपूर्वी प्रयत्न झाला, नेमके तेच तुमच्या यजमानांच्या हाती लागले.

ही गाठ बनते कशी, हे समजले की निम्मी भीती आपोआप जाते, म्हणून इथे थोडे थांबते. प्रत्येक केसाच्या मुळाशी, त्वचेच्या आत, कांद्याच्या बुडासारखा एक फुगीर भाग असतो. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी असतात. केमोथेरपी घेणाऱ्यांचे केस आधी गळतात ते याच कारणाने. या पेशी वाढतात, वर सरकतात, केराटिन नावाच्या टणक प्रथिनाने भरतात, आपले केंद्रक हरवून मरतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून केस होतात. आपण ज्याला केस म्हणतो तो मृत पेशींचा दोर आहे, आणि म्हणूनच तो कापताना दुखत नाही. पायलोमॅट्रिकोमामध्ये एखाद्या केसाच्या मुळातली पेशी हेच काम करू लागते, पण थांबायचे कधी आणि दोर कोणत्या दिशेने वळायचा हे तिला कळत नाही. पेशी वाढतात, केराटिनने भरतात, मरतात, पण केस बनून बाहेर पडत नाहीत. जागच्या जागी साचत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली या मृत पेशींची फक्त कडा दिसते आणि मध्ये जिथे केंद्रक होते तिथे फिकट मोकळी जागा उरते. आमचे पॅथॉलॉजिस्ट त्यांना 'घोस्ट सेल', म्हणजे भुतासारख्या पेशी म्हणतात. या साचलेल्या मालावर हळूहळू कॅल्शियम बसते. बहुसंख्य गाठींत ते सापडते आणि काहींत तर चक्क हाडाचा तुकडा तयार झालेला आढळतो. तुमच्या बोटाला जो दगड लागतो तो हा.

तेव्हा सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. केसतूड म्हणजे केस तुटल्या-उपटल्याने त्याच्या मुळाशी होणारा पुळीसारखा फोड. तो लाल असतो, ठणकतो, पिकतो आणि आठ-दहा दिवसांत फुटतो किंवा बसतो. दीड वर्ष न दुखता टिकलेली दगडी गाठ केसतूड नसते. पण बिघाड केसाच्या मुळाशी आहे हे त्यांनी बरोबर धरले, आणि सोनोग्राफीच्या आधी ते धरणाऱ्या तुमच्या घरात त्या एकट्याच होत्या.

हा बिघाड होतो का, याचेही बरेचसे उत्तर आता मिळाले आहे. केसाच्या मुळातल्या पेशींना 'वाढा, केस बनवा' असा संदेश देणारे बीटा-कॅटेनिन नावाचे एक प्रथिन असते. संदेश देऊन झाला की शरीर ते मोडून टाकते. शिकागोमधल्या एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने 1999 मध्ये दाखवून दिले की पायलोमॅट्रिकोमाच्या किमान पंचाहत्तर टक्के गाठींत या प्रथिनाच्या जनुकात असा बदल झालेला असतो की ते मोडलेच जात नाही. गावातल्या पाणीपुरवठ्याची तोटी उघडी राहावी आणि बंद करणारा माणूस रजेवर जावा, तसा हा प्रकार. महत्त्वाचे हे की हा बदल मुलीच्या सगळ्या शरीरात नसतो, तुमच्याकडून किंवा तिच्या वडिलांकडून आलेला नसतो. त्या एका जागच्या पेशीत तो आपसूक घडलेला असतो. कान टोचण्याचा प्रश्न तुम्ही संकोचाने विचारला आहे, हे अक्षरावरूनही जाणवले. मार लागलेल्या किंवा सुई टोचलेल्या जागी अशी गाठ आल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण बहुसंख्य मुलांच्या बाबतीत असे काहीही घडलेले नसते. शिवाय कानाची पाळी टोचली जाते आणि गाठ गालावर आहे. तेल, फणी, घट्ट वेणी, खाणेपिणे, कशाचाही यात हात नाही.

ही गाठ ओळखायला फार मोठे यंत्र लागत नाही, नीट लावलेले बोट लागते. तुम्ही घरी एकदाच, हलक्या हाताने, पाहायला हरकत नाही. रोज दाबून पाहू नये. मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवा. गाठीच्या एका कडेवर तर्जनीने किंचित दाब द्या. बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला मूल बसले की दुसरे टोक वर उठते, तशी गाठीची दुसरी कड त्वचेखाली वर आलेली दिसेल. आतला ऐवज एकसंध आणि ताठ असल्याने असे होते. मग गाठीच्या दोन्ही बाजूंची कातडी दोन बोटांनी ताणा. मऊ गाठ अशा वेळी गुळगुळीत गोल दिसते. ही मात्र कंगोऱ्याकंगोऱ्यांची दिसते, तंबूचे कापड आतल्या काठ्यांवर ताणल्यासारखी. गाठ वरच्या कातडीला चिकटलेली असते, पण खालच्या भागावर ती सरकते. ही शेवटची खूण मला फार मोलाची वाटते, कारण खोलवर रुतलेली, न सरकणारी गाठ असेल तर मी वेगळ्या वाटेने विचार करीन. निळसर रंगाचीही काळजी नको, तो या गाठीत बऱ्याचदा दिसतो. जागाही नेहमीचीच आहे: निम्म्याहून अधिक अशा गाठी डोके, चेहरा आणि मान या भागात येतात, गाल, कानाच्या पुढचा भाग आणि भुवई या तर त्यांच्या आवडत्या जागा. त्याखालोखाल दंड. वयही जुळते, कारण निम्म्याहून अधिक रुग्ण विशीच्या आतले असतात आणि मुलींत प्रमाण किंचित जास्त आहे.

मग पहिले दोन डॉक्टर चुकले का? मी त्यांना दोष देणार नाही. ही गाठ तुलनेने दुर्मीळ आहे. सर्वसाधारण दवाखान्यात ती क्वचित समोर येते आणि शस्त्रक्रियेपूर्वी तिचे निदान चुकणे ही जगभरची गोष्ट आहे. आपल्या भागात मान आणि कान यांच्या आसपास गाठ दिसली की ग्रंथी आणि टीबी हे दोन विचार आधी मनात येणे स्वाभाविकच आहे, आणि जुनी टीबीची ग्रंथीही कॅल्शियम साठून कठीण होऊ शकते. फरक असा की ग्रंथी कातडीच्या खाली, स्वतंत्र असते. वरची कातडी चिमटीत धरली तर ती ग्रंथीवरून मोकळी उचलली जाते. पायलोमॅट्रिकोमावरची कातडी गाठीसकट उचलली जाते. टीबीची शंका घेऊन तपासण्या केल्या हे ठीकच झाले. मात्र कुणी 'सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, घेऊन बघू, बसली तर बसली' असे सुचवले, तर नम्रपणे नकार द्यावा. टीबीची औषधे पुराव्यावर द्यायची असतात, अंदाजावर नव्हे. यकृतावर होणारा त्यांचा परिणाम लहान मुलांतही लक्ष ठेवण्याजोगा असतो आणि या गाठीवर त्या औषधांचा कणभरही उपयोग नाही. अँटिबायोटिकचाही नव्हता.

सोनोग्राफी झाली आहे, ती पुरेशी आहे. त्यात ही गाठ कातडीच्या लगेच खाली, मध्ये पांढरे ठिपके असलेली आणि कॅल्शियममुळे मागे काळी सावली पाडणारी दिसते. एमआरआय, सीटी यांची गरज तुमच्या मुलीच्या वर्णनात मला दिसत नाही. सुईने पेशी काढून तपासण्याविषयी, म्हणजे एफएनएसीविषयी, माझे मत थोडे वेगळे आहे. नणंदबाई म्हणतात तशी सुईने ही गाठ पसरत नाही. निरुपद्रवी गाठीत पसरण्याजोगे काही नसतेच. पण या गाठीच्या कडेला लहान, गडद, दाटीवाटीने बसलेल्या पेशी असतात, आणि सुईत नेमक्या त्याच आल्या तर पाहणाऱ्याला त्या कर्करोगाच्या पेशींसारख्या भासू शकतात. अशा 'संशयास्पद' अहवालामुळे हादरलेली घरे मी पाहिली आहेत. गाठ पूर्ण काढायचीच असेल आणि खुणा इतक्या स्पष्ट असतील, तर सुईची तपासणी करण्याचा आग्रह धरू नये. ती आधीच झाली असेल आणि त्यावर काही गोंधळात टाकणारे लिहिले असेल, तर पॅथॉलॉजिस्टना 'वरून पायलोमॅट्रिकोमाची शंका आहे' हे शल्यविशारदांनी कळवणे महत्त्वाचे. तेवढ्या एका वाक्याने अहवाल बदलू शकतो.

लेपाबद्दल. चुना दाहक आहे आणि सात वर्षांच्या मुलीच्या गालाची कातडी पातळ. लेपाने कातडी भाजली, तिथे फोड आला, तर व्रणाची जी भीती तुम्हाला शस्त्रक्रियेची वाटते आहे ती लेपानेच खरी होईल. शिवाय या गाठीच्या आत कॅल्शियमचा चुना आधीच साठलेला आहे, बाहेरून आणखी लावण्याचे प्रयोजन नाही. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात तसे काही करणे, गाठ पिळणे, शेकणे, दाभणाने टोचणे हेही नको. एरवी थांबून पाहिले तर काय होईल, हा प्रश्न रास्त आहे. गाठ बहुधा सावकाश वाढत राहते, आपोआप विरून जाणे अगदीच क्वचित घडते. वर्षानुवर्षे तशीच राहिलेल्याही गाठी आहेत. पण काहींवर मध्येच सूज येते, कातडी लाल आणि पातळ होते, फुटते आणि आतून खडूच्या चुऱ्यासारखा दाणेदार पदार्थ बाहेर येऊ लागतो. त्या अवस्थेत काढावी लागली तर कातडीही जास्त कापावी लागते आणि व्रण ओबडधोबड येतो. आज हरभरा आहे. उद्या सुपारी झाली तर छेदही सुपारीच्या मापाचा. चेहऱ्याचा विचार करता आजच काढणे श्रेयस्कर, असे माझे मत त्यामुळेच आहे.

शस्त्रक्रिया लहान असते, पण जागा चेहऱ्याची आहे, म्हणून ती बालशल्यचिकित्सकांकडून किंवा प्लास्टिक सर्जनकडून करून घ्यावी. खासगी रुग्णालय परवडत नसेल तर मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे विभाग असतात. गाठ पूर्णपणे, तिच्या भोवतीच्या पातळ आवरणासकट काढायची असते. कातडी फार चिकटली असेल तर तिची बारीक पट्टीही सोबत काढावी लागते. नुसती वरून खरडून काढली तर ती पुन्हा येते. पूर्ण काढल्यावर परत येण्याचे प्रमाण दोन-तीन टक्के किंवा त्याहूनही कमी आहे. कानाच्या पुढून चेहरा हलवणारी नस जाते, ही शंका कुणीतरी तुमच्या मनात घालेलच, म्हणून सांगते: ती नस लाळग्रंथीच्या पातळीवर, खोल असते आणि ही गाठ कातडीत असते. सवयीच्या हाताला हे अंतर पुरेसे आहे, तरी शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. जागा बधिर करण्यासाठी तिथे औषध टोचले असेल तर त्या बाजूची भुवई किंवा पापणी काही तास नीट हलत नाही. ऑपरेशननंतर मुलीचा एक डोळा पूर्ण मिटत नाही असे दिसले तर पहिला विचार हा करा आणि डॉक्टरांना दाखवा. औषध उतरले की तो पूर्ववत होतो.

या वयात पूर्ण भूल देणे मला अधिक सुरक्षित वाटते. जागेपणी घाबरलेले मूल ऐन वेळी मान फिरवते आणि गालावर काम करताना ते परवडत नाही. भुलीपूर्वी उपाशी ठेवण्याच्या सूचना तंतोतंत पाळा. घट्ट अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधे पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच खरी. आपल्याकडे घोळ होतो तो दुधाचा. सकाळी लवकर मुलाला घेऊन निघताना आजी 'काही खाल्लं नाही पोराने, नुसतं कपभर दूध घेऊ दे' म्हणतात आणि ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. दूध पोटात गेले की ते दह्यासारखे घट्ट होते, म्हणून ते अन्नातच धरतात. लपवून दिले आणि सांगितले नाही, तर भुलीत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पाजले गेलेच असेल तर ओशाळू नका, सांगून टाका.

व्रण राहील. 'अजिबात राहणार नाही' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण कानापुढच्या नैसर्गिक घडीच्या दिशेने घेतलेला छोटा छेद वर्ष-दीड वर्षाने बारीक रेघेएवढा होतो. पहिले काही महिने तो लालसर, किंचित उंच दिसेल. घाबरून मलमे बदलत बसू नये, त्याला वेळ द्यावा. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात, विरघळणारे घातले असतील तर तेही लागत नाही. उन्हाने कोवळा व्रण काळपट होतो, म्हणून शाळेत जाताना टोपी, स्कार्फ किंवा डॉक्टरांनी सांगितलेले सनस्क्रीन काही महिने वापरावे. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा: घरात कुणाला कान टोचल्यावर, लस दिल्यावर किंवा भाजल्यावर वाढता, जाड, खाजरा व्रण आला होता का? अशी प्रवृत्ती, जिला केलॉइड म्हणतात, काही घराण्यांत असते आणि ती ठाऊक असली तर शल्यविशारद सुरुवातीपासून काळजी घेतात. तुमच्या मुलीच्या टोचलेल्या पाळ्यांवर दोन वर्षांत तसे काही आलेले नाही, हे एक बरे लक्षण आहे, हमी नव्हे. मुलगी आहे म्हणून व्रणाची चिंता दुप्पट, हे तुमच्या पत्रात ओळींच्या मधून वाचता येते. त्यावर भाष्य करण्याचे हे स्थान नाही, एवढेच म्हणेन की ती चिंता तिच्यासमोर बोलून दाखवू नका. सात वर्षांच्या मुलीला आरशात रेघ दिसत नाही, मोठ्यांचे चेहरे दिसतात.

आणखी एक तपासणी तुम्ही स्वतः करायची आहे. मुलीला आंघोळ घालताना डोके, मान, पाठ, दंड नीट चाचपून पाहा: अशी आणखी एखादी कठीण गाठ लागते का? एकच असेल, आणि बहुतेक मुलांत एकच असते, तर हा परिच्छेद विसरून जा. अनेक असतील, विशेषतः सहा किंवा अधिक, किंवा घरात इतर कुणालाही अशाच गाठी असतील, तर डॉक्टर काही प्रश्न विचारतील आणि ते ऐकून गोंधळू नका. मूठ घट्ट आवळल्यावर पटकन उघडता येत नाही असे घरात कुणी आहे का, कुणाला तरुणपणीच मोतीबिंदू झाला का, असे ते विचारतील, कारण मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या आनुवंशिक स्नायुविकारात अशा गाठी अनेक येतात. तरुण वयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने किंवा आतड्यातल्या असंख्य कोंबांनी कुणी आजारी पडले का, हाही प्रश्न येईल. मुलीची उंची वयाच्या मानाने फारच कमी आहे का, हेही पाहतील. एका गाठीसाठी यातले काहीही करावे लागत नाही, आणि मोबाइलवर या आजारांची नावे शोधत बसण्याची यजमानांना बंदी घालावी.

या निमित्ताने इतर वाचकांनाही सांगते, कारण हे वाचून आपापल्या मुलांच्या गाठी चाचपल्या जातील. प्रत्येक कठीण गाठ पायलोमॅट्रिकोमा नसते. भुवईच्या बाहेरच्या टोकाला जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांपासून असलेली गाठ बहुधा डर्मॉइड, म्हणजे जन्मजात पिशवीसारखी गाठ, असते. नाकाच्या मध्यरेषेवर, दोन भुवयांच्या मध्ये किंवा डोक्याच्या मध्यावर गाठ असेल तर ती कधीकधी कवटीच्या आतपर्यंत पोहोचलेली असते. अशी गाठ स्कॅन केल्याशिवाय कुणालाही छोट्या दवाखान्यात कापू देऊ नये. नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्याच रंगाचे बारीक, टणक दाणे वयात येताना उगवू लागले आणि आई-वडिलांपैकी एकाच्या चेहऱ्यावरही तसेच असतील, तर तो केसाच्या मुळाचाच, पण वेगळा, आनुवंशिक प्रकार असू शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि कोणतीही गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, फुटून तिच्यातून रक्त येऊ लागले, खालच्या भागाला घट्ट चिकटली किंवा सोबत ताप आणि वजनात घट असेल, तर मी वर म्हटलेला निवांतपणा तिला लागू नाही. पायलोमॅट्रिकोमाचे कर्करोगी रूप अस्तित्वात आहे, पण ते अतिशय विरळा, आणि मुख्यतः प्रौढांत आढळते.

काढलेली गाठ तरीही प्रयोगशाळेत पाठवायची, कारण शंभर टक्के खात्री सूक्ष्मदर्शकच देतो. काही ठिकाणी 'साधीच आहे, कशाला खर्च' म्हणून ती कचऱ्यात जाते. तुम्ही आधीच सांगून ठेवा. आत कॅल्शियम असल्याने तिचे काप करण्यापूर्वी ती रसायनात ठेवून मऊ करावी लागू शकते आणि म्हणून अहवाल यायला नेहमीपेक्षा काही दिवस जास्त लागू शकतात. अहवाल लांबला याचा अर्थ काही वाईट निघाले असा लावू नका.

आता मुलीच्या दोन प्रश्नांची उत्तरे. खडा कुणी ठेवला, तर तिच्याच एका केसाने. त्याला बाहेर यायचे होते, वाट सापडली नाही, म्हणून तो आतच गुंडाळून बसला. हे तिला असेच सांगितले तरी चालेल, शास्त्राला यात फारसा धक्का लागत नाही. आणि खडा तिला मिळेल का, तर नाही, तो औषधाच्या पाण्यात घालून तपासायला जाणार. पण डबीत घालण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढून ठेवा असे शल्यविशारदांना आदल्या दिवशी सांगून पाहा. आमच्याकडे एका मुलाने असाच हट्ट धरला होता, तेव्हा परिचारिकेने डबीशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढला होता, म्हणजे खडा केवढा होता ते वर्गात दाखवता यावे.